उपरण्याखालची बोटं

आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे बाबूभाईंची चहाची टपरी होती. सर फाटकाच्या अलीकडे उभे राहून चहा मागवायचे. हाक मारायची नाही. दोन बोटं वर, मग मूठ, मग आडवा तळहात. म्हणजे दोन कप, कडक, साखर कमी. पलीकडून बाबूभाई अंगठा दाखवायचे आणि थोड्या वेळाने चहा यायचा.

एकदा साखर जास्त पडली. सरांनी कप उंच धरला आणि दुसऱ्या हाताची चिमूट नाकासमोर नाचवली. बाबूभाईंनी छातीवर हात ठेवला. सरांनी मान हलवून कपाळावर बोट आपटलं. मग दोघांची जी जुंपली ती नुसती हातांनी. मधून एसटी गेली की दोघांचे हात होते तिथेच थांबायचे आणि एसटी पुढे सरकली की तिथूनच भांडण चालू व्हायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली. शेवटी बाबूभाईंनी सरळ पाठ फिरवली आणि स्टोव्हला पंप मारायला लागले. सर लालबुंद झाले. मला म्हणाले, "बघितलंस? मला बोलूच दिलं न्हाई त्यानं!"

सर आमच्या कॉलेजात खेळांचे शिक्षक होते. उंच, काटकुळे, हात गुडघ्यापर्यंत पोचतील की काय असे लांब. अंगात पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि खांद्यावर एक उपरणं. नगरच्या कॉलेजात खांद्यावर उपरणं घेऊन येणारे प्राध्यापक दुसरे नव्हते. सर मूळचे घोडेगावचे. त्यांचे वडील तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. सर शिकले, पदवीधर झाले, शिक्षक झाले, पण बोलणं त्यांनी घोडेगावचंच ठेवलं. स्टाफरूममध्येसुद्धा 'हाय' आणि 'न्हाई' चालायचं. प्राचार्यांसमोरही.

मैदानावर मात्र ते बोलतच नसत. मैदानाबाहेर एवढे बोलायचे की ऐकणाऱ्याचा तास बुडायचा. पण व्हॉलीबॉलच्या कोर्टाची रेषा ओलांडली की तोंड बंद. गळ्यातली शिट्टीसुद्धा क्वचित वाजायची. जे सांगायचं ते हातांनी. "चेंडू बहिरा हाय," ते म्हणायचे, "आन पोरं अर्धी बहिरी. मग वरडून कुनाला सांगू?" बाईंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, आम्ही एकदा विचारलं की घरी कसं असतं. त्या म्हणाल्या, "घरी काय वेगळं? भाजीत मीठ कमी असलं तर बोट दाखवतात. पण माझीबी एक खूण हाय. ती केली की ताट घिऊन गुमान बसतात." ती खूण कोणती ते त्यांनी सांगितलं नाही. सरांनीही नाही.

मी काष्टीजवळच्या एका वस्तीवरून नगरला शिकायला आलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पहिल्याच महिन्यात इतिहासाच्या तासाला प्राध्यापकांनी प्रश्न विचारला आणि मी उभा राहून म्हणालो, "आमी त्यो धडा वाचला न्हाई सर." सगळा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले; वाईट मनाने नसतील, पण हसले. त्यानंतर मी वर्गात तोंड उघडलं नाही. कुणी काही विचारलं तर मान हलवायची. मेसमध्येसुद्धा भाकरी हवी असली तर ताट पुढे करायचं. वसतिगृहातल्या काही मुलांना बरेच दिवस मी मुकाच वाटत होतो.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. वसतिगृहाला टँकरने पाणी यायचं आणि बादल्यांची झुंबड उडायची. एके दिवशी मुलांनी मला टँकरवर चढवून पाइप हातात दिला. खाली नुसता आरडाओरडीचा कालवा. ओरडून कुणाला सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी हातानेच सांगू लागलो. तू पुढे ये, तू थांब, तुझी भरली, बाजूला हो. जरा वेळाने रांग लागली. पाइप बंद करून खाली उतरलो तर सर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग मावळतीकडे, मग मैदानाकडे. मला कळलं. संध्याकाळी मैदानावर ये.

गावाकडे मी शूटिंगबॉल खेळायचो. त्यात चेंडू मुठींनी मारतात. व्हॉलीबॉलचा लिफ्टर होणं अगदी निराळं. समोरून आलेला चेंडू बोटांच्या टोकांवर झेलल्यासारखा करून आपल्या माणसासाठी नेटजवळ उंच सोडायचा, आणि त्याने तो उडी मारून पलीकडे हाणायचा. कुणाला आणि कसा सोडायचा हे लिफ्टर ठरवतो. ते आधी आपल्या माणसांना कळायला हवं आणि समोरच्यांना कळता कामा नये. म्हणून लिफ्टर नेटपाशी उभा राहून पाठीमागे हात नेतो आणि बोटांनी खूण करतो. एक बोट म्हणजे डावीकडे दिलीपला उंच चेंडू. दोन बोटं म्हणजे मधे युसुफला आखूड आणि झटपट. मूठ म्हणजे माझ्या डोक्यावरून मागे.

मला ते फार आवडलं. खोटं सांगत नाही, त्या कॉलेजात मला तेवढी एकच जागा आवडत होती. तिथे माझं बोट बघून दिलीप पळायचा. दिलीप आमचा कॅप्टन, नगर शहरातला, वडील वकील. वर्गात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मैदानावर मी दोन बोटं दाखवली की युसुफ काही न विचारता हवेत असायचा. बोटांवरून मी कुठला ते कुणाला कळत नव्हतं.

पण माझ्यात एक मोठी खोट होती. कुणाला चेंडू द्यायचा हे मला ठरवता यायचं नाही. डोक्यात शंका यायच्या. दिलीपला दिला आणि युसुफला राग आला तर? मागे टाकला आणि चुकला तर? तेवढ्यात चेंडू डोक्यावर आलेला असायचा. शिवाय ज्याला द्यायचा त्याच्याकडे मी आधीच बघायचो.

सरांनी त्यावर एक इलाज काढला. बाजाराच्या दिवशी मला घोडेगावला घेऊन गेले.

बैल, म्हशी, धुरळा आणि हंबरणं यांतून वाट काढत आम्ही त्यांच्या वडिलांपाशी गेलो. म्हातारे लिंबाखाली बसले होते. त्यांच्यासमोर एक शेतकरी बसला होता आणि दोघांचे उजवे हात एका उपरण्याखाली होते. वरून एवढंच दिसत होतं की कापड कुठे उंच होतंय, कुठे खाली बसतंय. दोघांचे चेहरे दुसरीकडेच. म्हातारे एका कालवडीकडे बघून जांभई देत होते. जरा वेळाने शेतकरी उठला, म्हशीचं दावं सोडलं आणि शेजारी उभ्या गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. सौदा झाला होता. आजूबाजूला इतकी माणसं उभी होती, पण भाव कुणालाच कळला नव्हता.

"ये, बस," म्हातारे मला म्हणाले. माझा हात त्यांनी उपरण्याखाली ओढला आणि दोन बोटं करकचून दाबली. "काय म्हनलो?"

"दोन."

"आरं, दोन ते खरं, पन त्वांड कशापायी वाकडं केलंस? समद्या बाजाराला कळलं. पुन्यांदा."

दुपारपर्यंत ते माझी बोटं दाबत होते आणि मी समोरच्या म्हशीकडे बघायला शिकत होतो. उठताना म्हातारे सरांना म्हणाले, "पोरगं बरं हाय. भितंय, पन बरं हाय."

त्यानंतर सरांनी नवी पद्धत सुरू केली. सामना चालू असताना मार्गदर्शकाने बाकावरून सूचना द्यायची नाही असा नियम आहे. पंच ताकीद देतात. सर बाकावर बसायचे, उपरणं मांडीवर पसरायचे आणि त्याखाली हात ठेवायचे. चेहरा असा की आता झोप लागते की काय. आपल्याकडे चेंडू येण्याआधी मी ओझरतं बाकाकडे बघायचो. कापडाला एक टोक आलं, दिलीप. दोन टोकं आली, युसुफ. गोल उंचवटा आला, मागे. तीच खूण मी पाठीमागे माझ्या माणसांना करायचो. आता मला काही ठरवावं लागत नव्हतं. सर ठरवायचे, मी सोडायचो, आणि आम्ही जिंकत होतो.

एकदा एका पंचांना संशय आला. ते बाकापाशी येऊन म्हणाले, "हाताने काय चाललंय तुमचं?"

"मांडी खाजवतोय," सर म्हणाले. "त्यालाबी नियम हाय का?"

दिलीपला हे पसंत नव्हतं. तो मला तोंडावर म्हणायचा, "काष्टी, तू लिफ्टर नाहीस. तू सरांची तार आहेस." मला सगळे काष्टीच म्हणत. त्याच्या मनात लिफ्टरच्या जागी त्याचा एक मित्र होता, चांगला खेळणारा, शहरातलाच. मला ते ठाऊक होतं. ती जागा गेली असती तर मी परत शेवटच्या बाकावरचा मुका झालो असतो. दुसरं काही जात नव्हतं, पण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना कोपरगावला झाला. समोर तिथलंच कॉलेज. उसाच्या भागातली दणकट पोरं. सकाळची वेळ, कोर्टाभोवती निम्मं गाव. पाचांपैकी तीन सेट जिंकायचे होते. पहिले दोन आम्ही घेतले. सरांचं उपरणं भराभर टोकं काढत होतं आणि त्यांचे खेळाडू उडी मारायचे ते भलतीकडेच.

तिसऱ्या सेटला काहीतरी बिघडलं. मी युसुफला सोडला तर तिघं त्याच्या समोर हात उंचावून आधीच हजर. मागे टाकला तर तिथेही भिंत. मला वाटलं मी परत तोंडावर दाखवतोय. मी चेहरा दगडासारखा केला. तरी तेच. तिसरा सेट गेला. चौथ्यात दिलीप एकदा इतक्या जोरात अडवला गेला की चेंडू त्याच्याच छातीवर आला. तो माझ्याकडे बघून दात-ओठ खात होता.

मग मला एक गोष्ट दिसली. त्यांच्या बाजूला, रेषेच्या मागे, खुर्चीवर एक म्हातारा येऊन बसला होता. डोक्याला पटका, हातात काठी. इतर लोक चेंडूकडे बघत होते. हा म्हातारा आमच्या बाकाकडे बघत होता. सरांचं उपरणं हललं की त्याची काठी हलायची. डावीकडे, मधे, उजवीकडे. त्यांचा एक खेळाडू दर वेळी आधी काठीकडे बघत होता.

चौथा सेटही गेला. पाचव्याच्या आधी आम्ही बाकापाशी जमलो. दिलीप घामाने निथळत होता. "सर, याला बदला," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "त्यांना याच्या सगळ्या खुणा कळल्यात. आणि खुणेशिवाय याला जमत नाही. शेवटचा सेट आहे."

मी नेहमीसारखी मान खाली घातली. युसुफने मला कोपराने ढोसलं. "अरे बोल ना कुछ, काष्टी. मुँह में क्या दही जमाया है?"

मी म्हणालो, "सर, त्यो म्हातारा."

"कुठला?"

"पटकेवाला. त्यो तुमचं उपरणं वाचतोय."

सरांनी मान वळवली. डोळे बारीक केले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "आयला!" ते मोठ्याने म्हणाले. "हा तर हेडी, बैलांचा यापारी! घोडेगावच्या बाजारात माझ्या बापासमोर उभी हयात काढली ह्यानं!" आणि त्यांनी सगळ्यांदेखत त्या म्हाताऱ्याला नमस्कार केला. म्हाताऱ्याने काठी उचलून नमस्कार घेतला आणि त्या खेळाडूकडे बोट केलं. म्हणजे, माझा नातू. मग तिकडूनच ओरडला, "मास्तर, आयुष्य गेलं माजं दुसऱ्याच्या उपरन्याकडं बघन्यात! जरा झाकून धरत जावा!"

सर हसत सुटले. आमचा सामना चालला होता आणि ते हसत होते. दिलीप म्हणाला, "सर, बदलायचं का याला?"

सरांनी उपरण्याची घडी केली आणि दिलीपच्याच खांद्यावर टाकली. मग बाकावर बसले आणि दोन्ही तळहात मांडीखाली घालून त्यांवर दाबून बसले. मला म्हणाले, "आता माझ्याकडं बघू नकोस. काय दिसायचं न्हाई. तुझं तू बघ."

"मला ठरवता येत न्हाई सर."

"मग चुकव," सर म्हणाले. "पन तुझं तू चुकव."

पाचवा सेट सुरू झाला. पहिल्या काही चेंडूंना मी पाठीमागे खुणा केल्या, पण एक बोट काढून ऐन वेळी दुसरंही काढत होतो. युसुफला एक बोट दिसलं की दोन हेच कळेना आणि दिलीप नि तो एकमेकांवर आदळले. लोक हसले. तेच हसणं. इतिहासाच्या तासाचं. मी बाकाकडे बघितलं. सर हातांवर बसून पलीकडच्या चिंचेकडे बघत होते.

पुढचा चेंडू आमच्या मागच्या खेळाडूने छान उचलला. तो माझ्याकडे येत होता आणि पाठीमागे हात न्यायला वेळ नव्हता. युसुफच्या समोरचा त्यांचा माणूस जरा मागे सरकलेला मला दिसला. मला दिसला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "युसुफ, तुला देतो रं!"

सगळ्या कोर्टाला ऐकू गेलं. मी युसुफला दिला. समोरच्यांना ती हूल वाटली; ते तिघे दिलीपच्या समोर उडाले होते. युसुफचा चेंडू मोकळ्या जागेत आपटला.

क्षणभर काय झालं ते कुणालाच कळलं नाही. मग मी परत म्हणालो, "दिलीप, आता तुला. उंच देतो, मागून ये!" आणि दिलीपला उंच दिला. या वेळी ते युसुफच्या समोर उडाले. समोरच्या लिफ्टरने आपल्या माणसांना ओरडून सांगितलं, "अरे, फसवतोय तो! तोंडाचं ऐकू नका, हात बघा!" त्यांनी माझे हात बघितले. हात मी मांडीला पुसत होतो.

त्यानंतर मी थांबलोच नाही. "मागं टाकतोय!" "युसुफ, आखूड!" "दिलीप, तूच घी, तूच घी!" मोठ्याने, माझ्या वस्तीवर बैलांना हाकावं तसं. मला जे दिसत होतं ते मी सांगत होतो आणि जे सांगत होतो तेच करत होतो. म्हातारा काठी गुडघ्यावर आडवी ठेवून बसला होता. शेवटी त्याला राहवेना. तो नातवावर ओरडला, "आरं लेका, पोरगं तोंडानं भाव सांगतंय, आन तुमी काय हुडकताय?"

तेव्हा त्यांना पटलं. पण तोवर आम्ही पुढे होतो. शेवटच्या चेंडूला मी म्हणालो, "दिलीप, तुला," आणि या वेळी त्यांचे तिघेही दिलीपच्या समोर गेले. मला ते दिसलं. बदलता आलं असतं. पण दिलीप उडी मारायला निघाला होता, आणि आज त्याच्याइतकं उंच कुणी उडत नव्हतं. मी त्यालाच दिला. त्यांच्या बोटांवरून घासून चेंडू बाहेर गेला, म्हणजे गुण आमचा. सामना आमचा झाला.

दिलीपने मला उचललं की मी दिलीपला, आता आठवत नाही. बाकापाशी आलो तर सर अजून हातांवरच बसले होते. "उठा की सर," युसुफ म्हणाला.

"उठतो. पन हात कुठं हायेत ते कळंना." हातांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की त्यांना चपलेचा अंगठासुद्धा सरळ करता येईना. म्हातारा काठी टेकत तिथे आला. त्याने सरांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चोळत बसला. दोघे हसत होते आणि घोडेगावच्या गप्पा मारत होते. जिंकलं कोण आणि हरलं कोण हे बघणाऱ्याला ओळखता आलं नसतं.

दुपारच्या एसटीने आम्ही नगरला निघालो. सरांनी मला शेजारी बसवून घेतलं. गाडी गावाबाहेर पडल्यावर म्हणाले, "हं. सांग."

"काय सांगू सर?"

"पयल्यापास्नं. कुठल्या चेंडूला काय बघितलंस, कुनाला का दिलास. मी चिंचंकडं बघत हुतो, मला काय म्हाईत?"

मी सांगायला सुरुवात केली. आधी चाचरत. मग एकेक चेंडू डोळ्यांसमोर येत गेला. त्यांचा डावीकडचा कसा उशिरा उडतो, युसुफ कसा पाय आपटून निघतो, दिलीप चिडला की जास्त उंच जातो. सर मधेच "का?" म्हणायचे, आणि मी परत सांगायचो. शिर्डी गेली, राहाता गेलं. पुढच्या बाकावरचे दोन प्रवासी मान वळवून ऐकायला लागले. गाडी राहुरीला थांबली. सगळे पाणी प्यायला उतरले, परत चढले, मी बोलतच होतो.

राहुरी सुटल्यावर मागच्या बाकावरून युसुफ कळवळून म्हणाला, "सर, इसको बंद करो ना. आख्ख्या वर्षाचं आज बोलून टाकतोय. मला झोपू दे."

सरांनी मागे वळून बघितलं नाही. डोळे माझ्याकडेच ठेवून म्हणाले, "कानात बोटं घाल आन झोप. ह्याचा आत्ता कुठं तिसरा सेट चाललाय."